कपिलेचा कौल

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो — अभक्ष्य कशाला म्हणायचं? ताटात काय पडलं यावरून ठरवायचं, की त्यापायी किती जीव गेले यावरून? घाई नको. खांबाला टेकलेल्यांनीही डोळे उघडा, उत्तर तुमच्याकडूनच घेणार आहे!

निंबगव्हाणचे रखमाजी तात्या ढगे. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, अन् स्वभाव म्हणजे फोडणीतली मोहरी! नियम एकदम कडक. जेवायला बसले की पहिला घास कपिलेला. कपिला म्हणजे त्यांची गाय. तिनं तोंड लावल्याशिवाय तात्या घास घेत नसत. जे माझ्या गाईला चालत नाही ते मला चालत नाही, असं गावभर ऐकवायचे. चहाचं काय, असं विचारू नका — चहाला सूट होती!

तर झालं काय, तात्यांना देवळाच्या चार पायऱ्या चढताना दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, अंगात प्रथिनं कमी पडतात, अंडी खा. अंडी! तात्या असे उठले की चपला दवाखान्यातच राहिल्या.

सून वैजयंता मोठी हिकमती. तालुक्याला जाऊन आळंबी लावायला शिकून आली. तीच हो, शहरात मश्रूम म्हणतात ती! तात्या सोयाबीनचं भुसकट दरसाल शेतात पेटवून द्यायचे. यंदा तिनं ते आधीच उचललं, भिजवलं, उकळत्या पाण्यातून काढलं, पिशव्यांत भरून मधे बी पेरलं अन् गोठ्याशेजारच्या खोलीत टांगलं. थोड्याच दिवसांत पिशव्यांना पांढरेशुभ्र पंखे फुटले! बायांनो, रानात दिसेल ती छत्री उपटून आणू नका हं, विषारी निघते. ही घरची, बियाण्याची.

तात्यांनी दार उघडलं अन् ओरडले, "माझ्या घरात मटण टांगलंय!" आता सांगा, मटण कधी भुसकटातून उगवतं का? पण माळकऱ्यांत कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलंय, आळंबी म्हणजे मांसाहार. मसाल्यात चव तशीच लागते ना! कशी लागते हे माळकऱ्याला कसं कळलं, ते मात्र विचारायचं नाही.

झालं! तात्यांनी घरचं जेवण सोडलं अन् देवळात जाऊन बसले, केळी अन् शेंगदाण्यांवर. पिशव्या उकिरड्यावर जातील, तेव्हाच घरी येईन म्हणाले. वैजयंताच्या जिवाला घोर लागला. ज्याच्या ताकदीसाठी केलं, तोच उपाशी! शेवटी ती देवळात गेली. म्हणाली, तुमच्याच नियमानं होऊ द्या. कपिलेपुढं ठेवू. तिनं तोंड फिरवलं तर पिशव्या मी माझ्या हातानं फेकते.

सारं गाव गोठ्याशी! केळीच्या पानावर भाकरी, वर ताजी आळंबी. कपिलेनं हुंगलं... पुन्हा हुंगलं... अन् मान फिरवली! तात्यांनी मिशीला पीळ दिला. वैजयंताच्या डोळ्यांत पाणी. अन् मंडळी, कपिलेनं मान फिरवली होती ती वैजयंताच्या कमरेवरच्या भरल्या टोपलीकडं! अख्खं तोंड आत! टोपली अडकली शिंगाला, गाय गोठाभर नाचतेय, मागं तात्या धावतायत, त्यांचं धोतर खुंट्याला, अन् लोक हसून हसून लोळतायत.

टोपली सुटली तेव्हा तळाशी एकच पंखा उरला होता. तात्यांनी तो उचलला, पण खाववेना.

वैजयंता हळूच म्हणाली, "मामंजी, ही तोडताना रक्त आलं नाही. गेल्या साली भुसकट पेटवलंत, तेव्हा त्यात सशाची पिल्लं होती."

ती पिल्लं तात्यांनीच बांधाला पुरली होती. मग अंघोळ करून, कपिलेला घास घालून, पोटभर जेवले होते. माळ गळ्यात तशीच होती.

तात्यांनी तो पंखा वैजयंताच्या हातावर ठेवला अन् म्हणाले, "भाजी कर. अन् रस्सा पातळ नको."

आता तात्या डाळ-दुधाबरोबर आळंबीही खातात. परवा देवळाच्या पायऱ्या न थांबता चढले, अन् वर जाऊन मलाच म्हणाले, बुवा, दम लागला का? पिशव्यांतलं उरलेलं भुसकट खत होऊन शेतात गेलं. यंदा त्यांच्या शिवारात धूर नाही.

आता तुमची पाळी! आळंबी म्हटलं की नाक कोण मुरडतं? हात वर करा. वा, वा, केवढे हात! बरं, आता यंदा शेतात काडी कुणी ओढली, त्यांनी हात वर करा.

का हो? हात कुठं गेले सगळे?