मामूनं मरळ काऊन घेतली?

— म्हणजे नियम एकच, रीतावहिनी. कमरेचा पट्टा घराबाहेर काढायचा नाई, आणि काऊन नाई ते विचारायचं नाई. मी रांगत होती तेव्हापासून ऐकून राह्यली. विचारलं तर काय? — विचारलं तर अब्बा म्हणायचे, बडों से सवाल नहीं करते, आणि शिलाई मशीन जोरात चालवायचे, आपला प्रश्न आवाजात बुडून जावा म्हणून. आता पण तेच करून राह्यले, ऐका — खट खट खट. पडद्याच्या तिकडं दुकानात तिघं बसले आहेत. मशीनवर माझे अब्बा, खुर्चीवर राइस मिलवाले फारूकमामू, आणि बाकावर तुमची सासू, ठमाबाई. त्याच घेऊन आल्या ना तुमाले? तुझ्या माणसाचा, मिथुनचा तपास लागला, चल, अंजुम सांगते, म्हणून? हाव, लागला तपास. आणि काय सांगायचं ते पण या तिघांनी सकाळीच मले पढवलं — मिथुन हैदराबादले पळाला, एका बाईसोबत, त्याचा नाद सोड. — नाई नाई, डोळ्याले पदर लावू नका, मी सांगितलं कुठी अजून? मी तर पट्ट्याचं सांगून राह्यली. पाणी प्या आधी. माठातलं आहे.

मागच्या आठवड्यात तुमी ती प्लास्टिकची थैली घेऊन आल्या, तवा मी याच खुर्चीत बसून एका नवरदेवाची चौकशी लिहून राह्यली होती — पितो का, किती पितो, पिऊन गातो का. बाहेर बोर्ड 'खाजगी तपास' असा लावला, पण या मूल गावात कामं येते ती लग्नाचीच. कॉलेजात होती तवा वाटायचं, डिटेक्टिव्ह म्हणजे लांब कोट, तिरपी टोपी, तोंडातून धूर. मूलच्या मे महिन्यात कोट घालून पाहा, वहिनी — दुपारपर्यंत उकडून उसना तांदूळ होते माणसाचा. तर तुमी थैली टेबलावर उलटी केली. हातभर लांब, खवल्याखवल्याची कात. जाळ्याच्या ढिगाखाली सापडली, म्हणाल्या. तलावात मगर आली, तिनं माझ्या माणसाले खाल्लं, म्हणाल्या. वनरक्षक म्हणाला, घोरपडीची आहे. गावातले लोक म्हणाले, वाघ. आपल्या जिल्ह्यात दुधावरची साय गेली तरी लोक म्हणते वाघानंच नेली. त्यात खवले असो का पिसं असो, कोणी पाहत नाई. मी तुमाले काय म्हटलं? — बघते, एवढंच. कारण कात कोणाची हे मले पाहताक्षणीच कळलं होतं. पायाची बोटं तीन, त्यातलं मधलं अर्धं तुटलेलं. त्या तुटक्या बोटाच्या जागी दरसाल कापूस भरायचं काम अब्बाच्या दुकानात माझंच होतं.

कापूस कशात? — खोळीत. सांगते. जरा भिंतीले टेकून बसा, पोट सांभाळून. हां. — वहिनी, आमी डायनासोर आहो. सगळे नाई — मी, अब्बा, मामू, ठमाबाई, मिथुनभाऊ, अजून काही घरं. वरून जे दिसते ना, हे नाक, हे गाल, हे सगळं अब्बाच्या हातचं. खोळ म्हणतो आमी. वर्षातून एकदा माप घेते, कुठी सैल करते, डोळ्याखाली एखादी सुरकुती वाढवते, लोकांले शंका नको म्हणून. मामूचं टक्कल अब्बानं सहा महिने टाळलं, शेवटी मामूनं स्वतः मागितलं. तुमाले वाटते मी थट्टा करून राह्यली? बरं. मग हा निघाला पट्टा. — श्श, तोंडावर हात ठेवा, बाहेर ऐकू जाईन. दिसली? एवढीच आहे. माझी बारकी आहे, आमी धावणारे, आमची जड राहून चालत नाई. हात लावा, काई करत नाई. कोमट आहे ना? — हाव, हलते; मी नाई हलवत, राग आला का आपोआप हलते, आणि सकाळपासून मले राग आलाच आहे.

आता सांगा, मूलसारख्या गावात इतक्या लोकांच्या कमरेत गॅप कशी? कधी मनात आलं नाई? डॉक्टरनं पट्टा दिला म्हणते, आणि डॉक्टरकडं तर कोणी जात नाई. मामूच्या मानेले बाराही महिने कॉलर — ती मान दुखते म्हणून नाई, ती सोडली तर छताचा पंखा तुटन. मामू आमचे लांब मानेचे, निव्वळ पालेभाजीवाले. आणि मिथुनभाऊ मासेखाऊ. तुमाले कौतुक वाटायचं, माझा माणूस जाळं न टाकता मासोळी आणते. वहिनी, तो डोकं घालायचा पाण्यात. — पाठ खरखरीत लागायची, ते? नायटा आहे म्हणून सांगितलं असन त्यानं. हाव, आमच्यातले सगळे नायटाच सांगते. बाकी तुमचं तुमच्यात, मी काई विचारत नाई. माणसाचं आणि आमचं जमून कसं गेलं तेही विचारत नाई. आमच्या सरांच्या हिशेबानं तर हे जमायलेच नको. बी.एस्सी.ले सरांनी आमाले सिरोंच्याले नेलं होतं, जमिनीतून निघालेली हाडं दाखवायले. सर म्हणाले, एवढं मोठं धूड आणि मेंदू अक्रोडाएवढा, म्हणून हे सगळे मेले. मी मागं उभी राहून चिवडा खाऊन राह्यली होती. हात वर करावासा वाटला — सर, मेले नाई, मूलमध्ये पंचायत भरवून राह्यले. अक्रोडाचं मात्र बरोबर आहे.

तर तपास. कात मिथुनभाऊची, म्हणजे मगर खोटी, वाघ खोटा. मग माणूस कुठी? आमच्यात रीत अशी आहे, की कात टाकायचा दिवस आला का 'गावी जातो' म्हणून निघायचं आणि मामूच्या मिलमध्ये जायचं. भट्टीत कोंडा जळते, त्यात कात जाळून टाकायची. वास आला तरी लोक म्हणते, मामूचा कोंडा ओला. म्हणून मी मिलवर पाळत ठेवली. दोन दिवस काईच नाई. समोरच्या टपरीवर बसून चहा पिऊन पिऊन पोटात जाळ झाला, टपरीवाल्याले वाटलं मी त्याच्याच पोट्ट्याची चौकशी करून राह्यली, त्यानं बिचाऱ्यानं न विचारता पोट्ट्याचे मार्क सांगितले. मग बाजाराचा दिवस आला. आणि फारूकमामू, ज्यांनी जन्मात कोणाच्या लग्नात बिर्याणीच्या डेगकडं पाहिलं नाई, अॅसिडिटी आहे म्हणून दहीभात खाते — ते मामू मासोळीच्या ओळीत गेले आणि जिवंत मरळ घेतली. पिशवी अंगापासून अशी लांब धरून, तोंड फिरवून. मी म्हटलं, अंजुम, ऊठ. हैदराबादले पळालेला माणूस मूलच्या राइस मिलमध्ये मरळ खाऊन राह्यला.

बरा आहे, वहिनी. कोणी मारलं नाई, बांधलं नाई. कोंड्याच्या गोदामात बसून आहे, दाराले साधी कडी, ती पण सैल. मग पळत काऊन नाई? — कारण ठमाबाईनं शपथ घातली, उंबरा ओलांडला तर मायचं मेलेलं तोंड पाहशील. एवढे दात असलेला माणूस, आणि शपथेले भिऊन कोंड्यात बसला. मले पाहून रडला. कोंडा चिकटून तोंडाची पुरणपोळी झाली होती, मले हसू पण आलं. तुमच्याबद्दलच विचारलं — उलट्या थांबल्या का, आणि जड घागर कोण उचलते. आणि ती कात चुकून नव्हती राहिली. ती त्यानं तुमच्यासाठी ठेवली होती. तुमी सोनोग्राफीले जायचं म्हणाल्या ना? आणि दोन्ही वेळा सासूच्या छातीत कळ आली, आठवते? तिसऱ्यांदा तो म्हणाला, मी नेतो. पण त्या पडद्यावर काय दिसन कोणाले माहीत. तिथी, परक्या डॉक्टरसमोर तुमी घाबरू नये, म्हणून आधी आपल्या तोंडानं सांगायचं ठरवलं त्यानं. कात दाखवायची आणि म्हणायचं, रीता, मी असा आहो. मग गाडी कुठी अडली? — जी चूक आमच्यातलाच माणूस करू शकते तिथी. बायकोले सांगायच्या आधी मायची परवानगी घ्यायले गेला. माय गेली मामूकडं. मामूनं बसवली पंचायत. आज चार वाजता तांदळाच्या ट्रकमध्ये टाकून त्याले जिवतीच्या डोंगरात सोडणार आहेत, कायमचं. तिथी आमचे अजून काही आहेत, कपार धरून बसलेले, प्रश्न विचारले म्हणून नेऊन सोडलेले. आणि तुमाले हैदराबादची बाई. तुमचं बाळंतपण मग ठमाबाई घरीच करणार, दार लावून. जे निघन ते निघन, आणि पुढं त्याचं काय करायचं, ते पंचायत ठरवन.

मी गंज बोलली का, जास्तच? मले एवढं सांगायचं नव्हतं. मिथुनभाऊ जिवंत आहे, मिलमध्ये आहे, एवढंच सांगणार होती. शेपूट दाखवायची तर अजिबात — अब्बाले कळलं तर माझी पण जिवती होईन. — काय म्हणाल्या? मोठ्यानं बोला, मशीन चालू आहे. — अंडं का लेकरू?

वहिनी, मी तुमाले... बरं. नाई, बरोबर विचारलं तुमी. मले माहीत नाई. पुस्तकात नाई, सरांले माहीत असण्याचा प्रश्नच नाई. पण या तिघांले माहीत असन ना? एवढा नियम घातला, एवढी शपथ घातली, ट्रक बोलावला — म्हणजे काहीतरी माहीत असल्याबिगर कोण एवढं करते? थांबा, मामूच हाक मारून राह्यले. — हाव मामू. काय? 'हैदराबाद सांगितलं का?' — नाई सांगितलं. हा पडदा सरकवते, समोरच बोलू. हाव ठमाबाई, पट्टा काढलेला आहे, दिसते मले पण. हैदराबाद मी सांगणार नाई. त्या बाईचं पण नाई सांगणार, तुमाले पायजे तर तुमी सांगा, तुमच्या सुनेच्या डोळ्यात पाहून. हिले सगळं माहीत आहे आता. ही इथून मिलवर जाईन, कडी काढन, आणि दोघं दवाखान्यात जातील. ट्रकवाल्याले परत पाठवा. — बसा मामू, उठू नका, पंखा चालू आहे. हिनं एकच गोष्ट विचारली आहे, तेवढी सांगा. हिच्या पोटात अंडं आहे का लेकरू? ठमाबाई? नातू तुमचा आहे. मामू, तुमी सांगा. — अब्बा, मशीनले नाई विचारलं मी. तुमाले विचारलं.

...

हां. थांबली मशीन.

कोणालेच माहीत नाई, वहिनी. चपला घाला.