हिरवी काडी

—अगं नाही, नाही, अशी भोसकायची नाही! द्राक्ष आहे ते, त्यानं तुझं काय घोडं मारलंय? अशी धर, दोन बोटांत, आणि काडीचं टोक हलकंच आत — हां, बास, पलीकडून निघता कामा नये. चारपाच ठिकाणी टोचलं की झालं. न टोचता नुसतं बुडवून ठेवलं ना, तर रात्रभर वाईनमध्ये पोहूनसुद्धा द्राक्ष आतून कोरडं ते कोरडंच, पालथ्या घड्यावर पाणी. साल मोठी हट्टी असते. तुला कामाला बसवलं म्हणून रागावली नाहीस ना? संध्याकाळी तुझीच माणसं येणार, पार्टी तुम्हां दोघांची, आणि उद्याच्या ऑर्डरची द्राक्षं टोचायला तुलाच बसवलंय — उद्या म्हणशील, नणंदबाईंनी लग्नाआधीच कामाला जुंपलं. पण खरं सांगू? लवकर ये म्हटलं ते कामासाठी नाहीच. म्हटलं, गर्दी व्हायच्या आत जरा बसू दोघी. तुमचे साहेब बर्फ आणायला गेलेत, आमचे हे गच्चीवर खुर्च्या मांडतायत, तेवढाच आपल्याला निवांतपणा.

ती बशी ओढ तुझ्याकडे. कालच्या घाण्यातली काढून ठेवलीयत, चव बघायला. लाल काड्या आहेत, हिरव्या आहेत — रंगाचं काय ते मग सांगते, आधी मला हा ट्रे फ्रीजरमध्ये सरकवू दे. तू खा, हवी ती उचल. माझी पाठ तुझ्याकडे आहे म्हणून संकोच करू नकोस, उलट पाठ आहे तेवढ्यात खा. हे बघ, म्हणजे बघू नकोस, ऐक — फळं एकावर एक ढीग करून ठेवली की सकाळी एकच दगड होतो, मग काढा खलबत्ता. एकेक सुटं ठेवायचं, शेजाऱ्याला धक्का न लावता. आणि साखरेत घोळवायच्या आधी फडक्यावर पुरतं कोरडं करायचं, नाहीतर साखर विरघळते आणि वर चिकटा तेवढा राहतो. अगं, दात सांभाळ! केवढा आवाज आला! तू दाताच्या दवाखान्यात कामाला, तुला मी काय सांगणार म्हणा, पण आमच्याकडे एकाची कवळी गेलीय याच्यात.

तर काय सांगत होते — हां, दारू गोठत नाही. म्हणजे तुझ्यामाझ्या घरच्या फ्रीजरमध्ये नाही गोठत. हे लोकांना कळतच नाही. मागं एक बाई पार्टीची ऑर्डर द्यायला आल्या, म्हणाल्या, हात आखडता घेऊ नका, कलिंगडात चांगली भरपूर व्होडका घाला. म्हटलं, बाई, भरपूर घातली तर तुकडा उभा राहणार नाही. नाही, घालाच. घातली. काय झालं? सार झालं! पाहुणे वाट्या घेऊन पीत होते. रस जास्त, दारू बेताची, तर फळ धड गोठतं, आणि तरीही दाताखाली मऊच लागतं, भुसभुशीत. आणि दुसरी गंमत म्हणजे गारठ्यात चव लपते. माणसाला वाटतं फळ खातोय. शेंगदाण्यासारखे बकाणे भरतात आणि मग खुर्चीतून उठायला गेले की कळतं. एका बारशा— आपलं, वाढदिवसाला एक गाण्याचे मास्तर, इतका अबोल माणूस, अननसाचे रममधले तुकडे खाऊन जे सुरू झाले ते यजमान झोपायला गेले तरी ह्यांचं चालूच. शेवटी त्यांच्या बायकोनं पेटीवर बसून घेतलं.

म्हणून मी काड्या लावायला लागले. लाल म्हणजे आत दारू आहे, सांभाळून. हिरवी म्हणजे नुसता सफरचंदाचा रस आणि लिंबू. दिसायला सारखीच हं, तीच साखर, तोच आकार, ट्रे पण तोच. गाडी चालवणारे असतात, औषधं चालू असलेले असतात, दिवस गेलेल्या बायका असतात, त्यांनी काय नुसतं बघत बसायचं? तुमचे साहेब पण हिरवीच खातात. का म्हणजे, त्याला पित्ताचा त्रास आहे ना. लहानपणापासून. एक घोट घेतला की झालंच, म्हणून घेत नाही. चांगलंच आहे की, काय?

हे पण संपवतेस वाटतं, शाब्बास, लाजू नकोस. आता कलिंगडाचा ट्रे — जरा तो डबा सरकव, हां, राहू दे, पोचला हात. तर त्याचे ते कंपनीतले मित्र येतील बघ संध्याकाळी, सगळे लिफ्टवाले, मनानं सोनं आहेत पण एकाला हातात ग्लास नसला की बाकीच्यांच्या घशाखाली उतरत नाही. घे ना रे, एक घे, आमच्यासाठी घे, काय डॉक्टरनं सांगितलंय का, बायकोनं सांगितलंय का, अजून बायको आलीय कुठं! नाही म्हणणाऱ्याचा जीव खातात. तो गाडीवर असतो ना, म्हणून नाही घेत— अं? मघाशी पित्त म्हटलं? हो, पित्त पण आहे. पित्त आहे आणि गाडी पण आहे. माणसाला दोन कारणं असू शकत नाहीत का? तर मी काय केलं, त्याच्या हातात माझा ट्रेच दिला. तूच वाढ म्हटलं. दुसऱ्याला देता देता एक हिरवी काडी आपल्या तोंडात टाकायची, काडी दातात तशीच फिरवत राहायची — कोणी विचारत नाही! सगळ्यांना वाटतं, हा तर आपल्यातलाच. तेव्हापासून कुठल्याही पार्टीत तो असा उभा राहतो, ताठ, हसत. मला ते बघायला फार आवडतं.

आणि मला दुरूनही कळतं. कसं? आवाजावरून! साध्या रसाचं द्राक्ष खडखडीत गोठतं, चावलं की कट्ट वाजतं. दारूचं वाजत नाही, ते मुकाट्यानं विरघळतं. मी त्या टोकाला प्लेटा भरत असते, माझं तोंड पाहुण्यांशी बोलत असतं, आणि एक कान त्याच्या कोपऱ्याकडे. कट्ट आलं की मी पुढचं काम करते. वेडेपणा आहे, माहितीय मला. घोडा झालाय माणूस, मी अजून कान लावून बसते. पण काय करणार, त्या लिफ्टच्या प्रकारापासून ती सवयच—

कुठला लिफ्टचा प्रकार? छे, काही नाही. लिफ्ट म्हणजे त्याचं कामच आहे, काही ना काही प्रकार होतच असतात. तू टोच. किती राहिलीत?

... आता बोललेच आहे तर अर्धवट नको, नाहीतर तू भलतंच काहीतरी धरून बसशील. हे बघ, जुनी गोष्ट आहे आणि संपलेली आहे. प्यायचा तो. झालं, सांगितलं. मारामारी नाही, शिवीगाळ नाही, आपला गुपचूप प्यायचा आणि कामावर जायचा. एकदा एका इमारतीत लिफ्ट दुरुस्तीला गेला आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबवून आतच झोपला. दुपारभर! लोकांना वाटलं काम अवघड आहे. वरच्या मजल्यावरची एक आजी, गुडघे गेलेले, तिला दवाखान्यात जायचं होतं. बिचारी जिन्यानं निघाली. एक मजला उतरायची, शेजारी खुर्ची आणायचे, बसायची, पुन्हा एक मजला. आणि ती खाली टेकायला आणि हा जागा होऊन लिफ्ट खाली आणायला एकच गाठ पडली. दार उघडलं, समोर आजी, घामानं निथळलेली. आणि ती त्याला काय म्हणाली असेल? म्हणाली, "झाली का रे बाळा दुरुस्त? फार वेळ राबलास हो." तिनं शिव्या दिल्या असत्या ना, तर तो त्याच संध्याकाळी पुन्हा प्यायला असता. पण राबलास म्हणाली! आला तो तडक माझ्याकडे, इथंच बसला, तू बसलीयस त्याच खुर्चीत, आणि लहान पोरासारखा रडला. तेव्हापासून थेंब नाही. नाही म्हणजे नाही.

एकदा मात्र माझा जीव गेला होता. तो त्याचा दोष नाही हं, आमच्या ह्यांचा. ह्यांना मदतीची हौस दांडगी. एका पार्टीला मी म्हटलं, तेवढ्या काड्या लावा. ह्यांनी काय केलं, दोन डब्या कशाला जागा अडवतायत म्हणून लाल-हिरव्या काड्या एकाच डबीत ओतल्या आणि हाताला येईल ती लावत सुटले. मी विचारलं, अहो, रंग बघितला नाहीत? तर म्हणतात, रंग? सगळ्या एकसारख्याच तर आहेत! तेव्हा मला कळलं! इतका संसार झाला आणि तेव्हा कळलं, की ह्यांना लाल आणि हिरवा वेगळा दिसतच नाही. मी हिरवा स्वेटर घातला की म्हणायचे, लाल तुला शोभतो. मी मेली लाजायची, मला वाटायचं रंगात आलेत. पण हे सगळं नंतर. आधी काय झालं, तर त्यानं नेहमीप्रमाणे हिरवी काडी उचलली, द्राक्ष तोंडात टाकलं — आणि कट्ट आलंच नाही. मी इकडे कान देऊन उभी. नाहीच आलं. हातातला चिमटा तसाच. वळून बघितलं तर तो उभा, ओठ घट्ट मिटलेले, डोळे माझ्याकडे. भोवती ते मित्र दात काढतायत. जिभेवर चव आलेली, इतक्या दिवसांनी, आणि गिळलं असतं तर कोणाला कळणार होतं? मलाही शपथेवर सांगता आलं नसतं. तो चालत मोरीकडे गेला, थुंकला, चूळ भरली, परत आला आणि पुन्हा ट्रे उचलला. मला म्हणाला, "ताई, काड्या बघ जरा." बस, एवढंच. मी त्या दिवशी मनात म्हटलं, आता माझा भाऊ कुठं जात नाही. आणि तरीसुद्धा कान लावतेच, ते वेगळं.

अगं, बघ, मी पण ना! जीभ आहे की कात्री. तुला काय काय सांगून बसले, आणि तेही आज, तुझे आईबाबा जिना चढायच्या बेतात असताना. तुझे बाबा कडक आहेत म्हणे. हे बघ, ऐक माझं. तुला वाटेल फसवलं. मी त्याला कितीदा म्हटलं, सांगायची काय घाई आहे, लग्न होऊ दे, माणूस कळू दे, मग सावकाश सांग. तो नुसता हसायचा. सगळा दोष माझा समज, मीच झाकत आलेय, पित्त म्हण, गाडी म्हण, काय वाटेल ते. पण तू ह्या एका गोष्टीसाठी उठून जाऊ नकोस. फार चांगला आहे गं तो. तू उठून गेलीस तर तो कोणाला दाखवणार नाही, पण— थांब, हे फ्रीजरचं दार लागत नाहीये, मेलं आज सगळंच—

हा आवाज कसला?

कट्ट.

अगं. हे... बशीत बघ. हिरव्या. ह्या सगळ्या हिरव्या काड्या. लाल सगळ्या जागच्या जागी उभ्या आहेत आणि तुझ्यापुढं हिरव्यांचा ढीग. आणि मीच मघाशी म्हटलं, दात सांभाळ! कानाला एवढी सवय, आणि माझ्याच मागं वाजत होतं ते मला कळू नये? पण रंगाचं तर मी नंतर सांगितलं. पहिलं कट्ट त्याच्या आधीच— म्हणजे तुला ठाऊक होतं. त्यानं सांगितलं? कधी? पहिल्याच भेटीत? अरे देवा. कॉफी यायच्या आधी? आणि लिफ्टचं? आजीचं पण? ... थुंकल्याचं सुद्धा! आणि मी इथं पित्त आणि गाडी घेऊन बसलेय, आणि तू शहाणी, गप्प बसून द्राक्षं टोचतेयस, मला सगळं बोलू देतेयस! लबाड आहेस चांगलीच.

बरं, पण तू कशाला हिरव्या खातेस? तुला कोणी अडवलंय? तू खुशाल लाल घे की. काय? ... पुन्हा बोल. सोबत म्हणून?

सोबत म्हणून.

नाही गं, रडत नाहीये, फ्रीजरमध्ये एवढा वेळ डोकं घातलं की डोळ्यांना पाणी सुटणारच, वाफ लागते गार. दे ते फडकं. ते नको, ते द्राक्षांचं आहे. राहू दे, बाही आहे माझी. आज मी कान लावणार नाही, बघच. म्हणजे लावेन, पण तुमचे दोघांचे आवाज एकत्र यायला लागले तर मला मेलीला कळणार कसं कुठला कोणाचा? जाऊ दे. कळून काय करायचंय.

बेल वाजली. आलाच वाटतं बर्फ घेऊन. नाही, तू बस— नाही, थांब, तूच जा. हात पुस, साखर लागलीय. आणि हे बघ, मी तुला काही सांगितलेलं नाही, तू मला काही सांगितलेलं नाहीस, आपण दोघी नुसती द्राक्षं टोचत होतो. अगं जा ना, बर्फ वितळतोय त्याच्या हातात, माझ्या तोंडाकडे काय बघतेस? जा, दार उघड.