सासूची सात पोती

पुन्यांदा मीच सांगू व्हय? छगनच्या ओट्यावर नवा पावना टेकला की धरा ह्या रंगनाथला, म्हनं सासूचा किस्सा सांग... किस्सा न्हाई त्यो, अन्याव हाय. ऐका आता, अन मधी हसू नका.

सत्तर सालचं सांगतो. नगरच्या येष्टीतनं एक शिकल्याला साहेब उतरला, राधाकृष्ण नावाचा. गावातल्या चाळीस घरांत कुनाला किती बाजरी झाली अन कशानं झाली, त्याचं म्हनं त्यो समीकरन मांडनार. मांड बाबा. बियानं कंचं, बैल किती, शाळा किती शिकला, घरात मानसं कोन कोन, समद्याला रकाना. मी म्हनलं, साहेब, दोन एकरात लोकांची पाच पोती झाली, माझी बारा, कारन मी रानात धनगराची दोनशे मेंढरं आठ दिस बसवली, लेंड्यांचा थर पडला थर. त्यो कागद चाळून म्हनतो, "काका, मेंढरांना रकाना नाही." आता मेंढरं काय रकाना बघून लेंड्या टाकत्यात?

महिनाभर त्यो चावडीत आकडे ढवळत बसला. बैल काढला, शाळा घातली, शाळा काढली, बैल पुन्यांदा जुंपला... एकोनचाळीस घरं बसली, माझी बारा पोती काय बसंनात. मी म्हनलं, मेंढरं घाल. रकाना न्हाई. मग एक दिस पळतच आला. "काका, सापडलं. चाळीस घरांत जावयाकडं राहणारी सासू फक्त तुमच्याकडं. तो रकाना घातला अन सगळं तंतोतंत बसलं. वरची सात पोती सासूबाईंची."

बसनारच की. माझ्या एकट्याच्या मापाचा खड्डा खनला, मग त्यात दुसरं कोन पडनार?

अन हे ऐकाया सासू कडूबाई दारातच. "चांगुने, पैली भाकर मला. सात पोती हायेत माझी." ती चांगुना, माझी बायकू, तर मलाच म्हनती, "अवो, आईची खाट बांधावर टाका, पिकाला बरं." पुढल्या साली धनगर आला, तर म्हातारीनं त्याला परस्पर वाटंला लावला. "मी हाय ना, मेंढरं कशाला?"

झाली किती? पाच. लोकांवानी पाच. साहेब पुन्यांदा आला, आकडा बघितला, अन लई काळजीनं इचारतो, "सासूबाई आजारी होत्या का?"

साहेबाला मी कवाच सोडला. शिकल्यालं मानूस, त्याला कोन काय म्हननार. पर बारा पोत्यांच्या साली धनगराला आठ दिस सोताच्या हातानं भाकऱ्या थापून घातल्या, समदं ठावं असून जी गप बसली, अजून पैली भाकर खाती, अन माफी माग म्हनलं की म्हनती, "जावईबापू, त्याला रकाना न्हाई"... ती आमची कडूबाई.