पणजोबा गायब

आमच्या काकांचा प्रताप ऐकाच. घराण्याचा टाईप केलेला इतिहास घेऊन ते अग्रहार पेठेतल्या माझ्या स्कॅनिंगच्या दुकानात आले. प्रत्येक पानाच्या डोक्यावर पणजोबांचं नाव. कॉम्प्युटरनं बाकी सगळं बिनचूक वाचलं, फक्त पणजोबा एकाही पानावर नाहीत.

काका भडकले. "एनो इदु? हे काय रे? कॉलेज सोडलेल्या पोराला काम दिलं, माझंच चुकलं! तिकडे विजयनगर भागातल्या दुसऱ्या दुकानात देतो."

मी स्कॅनरचं झाकण उचललं. काचेवर, वरच्या बाजूला, कुंकवाचा जाड टिळा.

"हे कुणी लावलं?"

"मीच! काल आयुधपूजेला तुझ्या यंत्रांची पूजा मीच नव्हती का केली?"

मी फडकं घेतलं, तर काका किंचाळले, "अय्यो, पूजा पुसतोस?"

"काका, कुंकू ठेवू की पणजोबा?"

म्हातारा अजून विचार करतोय.