हेटी पिलिंगची हातोडी

सन्माननीय अध्यक्ष ऑर्मरॉडसाहेब, व्यासपीठावरच्या महापौरबाई, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

आज आपल्या संग्रहालयातून एनिड हॉलरॉइड निवृत्त होते आहे. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून ज्या रस्त्यावर उतरल्या, तुरुंगात गेल्या, त्यांचे बिल्ले, पट्टे, झेंडे हिने घरोघरी फिरून जमवले. एक झेंडा तर कोंबड्यांच्या खुराड्यातून काढला. कोंबड्या अजून रागावलेल्या आहेत.

मिळाली नाही ती एकच वस्तू. माझ्या आजीने, हेटी पिलिंगने, त्याच लढ्यात ज्या हातोडीने पोस्टाच्या काचा फोडल्या, ती. कपाटात तिच्यासाठी खुंटी तयार, खाली नावाची पट्टीसुद्धा. आणि हातोडी कुठे? माझ्या स्वयंपाकघरात. मुळात ती टॉफीची कडक लादी फोडायचीच छोटी हातोडी. पोलिसांना ती का सापडली नाही, हे महापौरबाईंसमोर सांगणं बरं दिसणार नाही.

दर पाच नोव्हेंबरला गावात सणाच्या शेकोट्या पेटतात, मी काकवीची टॉफी करते आणि एनिड दारात हजर.

"डॉरिसबाई, द्या ना आता. तुमच्यामागे तुमचा पुतण्या ती भंगारात घालेल हो."

"अगं, काचा फोडणारी हातोडी तू काचेत कोंडणार? आजी थडग्यात उठून बसेल."

मी हसण्यावारी न्यायचे. पण खोटं कशाला बोलू, पुतण्याचं ते बोलणं मला लागायचं. माझ्यामागे या हातोडीचं काय, या विचाराने झोप येत नसे.

यंदा माझ्या मनगटाने दगा दिला. टॉफी काही फुटेना. पोरं खोळंबलेली. तेव्हा बिल्ल्यालासुद्धा पांढरे हातमोजे घातल्याशिवाय न शिवणाऱ्या या बाईने माझ्या हातून हातोडी घेतली आणि असा घाव घातला, की तुकडे मांजरापर्यंत उडाले. मग हातातली वस्तू बघून ती पांढरीफटक पडली.

"अगं बाई, हे काय करून बसले मी?"

माझा मात्र जीव भांड्यात पडला.

तेव्हा ऑर्मरॉडसाहेब, देणगीच्या आभाराचा कागद खिशातच राहू द्या. हातोडी मी संग्रहालयाला देत नाही, एनिडला देते आहे. पाच नोव्हेंबरची टॉफी आता तिच्या घरी. रडू नकोस गं. आयुष्यभर सगळं गावासाठी जमवलंस, हे तुझं.

आपण ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. म्हातारीचं बोलणं कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि उद्या कुणी विचारलं, कपाटातली खुंटी रिकामी का, तर सांगा, हातोडी कामावर गेली आहे.