पंख्याचा वारा

हॅलो?… हो, मीच. ताई, तू होय! नाही गं, झोपले नव्हते. ह्यांना चमच्याने भरवत होते…

हो, हो… उजवा हात तसाच. पायही तसाच. बोलणं? छे, नुसतं 'अं'. काय सांगू तुला, दुकानात कात्रीपेक्षा ह्यांची जीभ जास्त चालायची. टक्कल पडलेली गिऱ्हाइकंसुद्धा गप्पा मारायला यायची. आणि आता…

अगं ऐक ना. सकाळी डॉक्टरीणबाई आल्या होत्या. दारातच ओरडल्या, ही खोली आहे की भट्टी!… मग काय? खिडक्या बंद, फटींत कापड कोंबलेलं, पंखा बंद. ह्यांच्या पाठीवर घामोळ्या उठल्यात गं…

का म्हणजे? तूच नाही का म्हणालीस? अर्धांगवायू म्हणजे अर्ध्या अंगाला वारं लागलं, त्या दुपारी पंखा कुणी लावला होता?… म्हणालीस, ताई. मीच लावला होता. तेव्हापासून घास उतरत नव्हता माझ्या घशाखाली.

हो, तेच विचारलं बाईंना. त्या म्हणाल्या, शब्द जुना आहे. पूर्वीचे वैद्य मानायचे, शरीराच्या आतच वायू असतो. तोच हात हलवतो, पाय चालवतो, बोलायला लावतो. तो बिघडला की अर्धं अंग लुळं पडतं. म्हणून अर्धांगवायू. पंख्याचा वारा नव्हेच तो!… हो, खरं तर मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. जुनं नाव तेवढं राहिलंय.

म्हणजे माझ्यामुळे नाही झालं… नाही ना?… ताई? तू म्हण ना एकदा… 'जाऊ दे' काय?… बरं. जाऊ दे.

येतेस का चार दिवस?… हो, तुझे गुडघे… माहीत आहे गं. शेजारचे? दारातूनच 'कसं आहे?' विचारतात आणि काढता पाय घेतात… नाही, रडत नाहीये. एकटीनंच बोलायचा कंटाळा आलाय.

काय?… कसली घरघर? पंखा आहे तो. आत्ताच लावला. जुना झालाय ना… अगं, ह्यांनी मान वळवली वाऱ्याकडे! डोळे मिटून पडलेत बघ…

बंद? नाही, आता नाही बंद करायची. नाही ऐकू आलं तुला, तर राहू दे. घरात कुणाचा तरी आवाज हवा ना, ताई.

ठेवते.