बराबर हाय का

१९४८ सालच्या दिवाळीनंतर आखाडा बाळापूरला हिंगोलीच्या मोटारीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी दोन बाया बोलत होत्या. धाकटीच्या मांडीवर तिची आठ-नऊ वर्षांची लेक झोपली होती.

"मनकर्णा, पोरगी आजारी हाय का गं?"

"न्हाई, आक्का. थकली. रझाकाराच्या धामधुमीत शाळा बंद पडली, मास्तर गावाला गेले. तवापासून घरीच शिकून राहिली."

"शिकवतं कोण?"

"मीच बसते. इंग्रजीची अक्षरं म्हणून घेते. हरभरे भिजवले, थोडे उन्हात ठेवले, थोडे कणगीमागं. अंधारातले पिवळे काहून आले, ते पाटीवर लिहायला लावलं."

"तुला कुठं वाचता येतं?"

"न्हाई येत."

"मग चुकलं ते कसं कळतं?"

"चुकली की ती थांबती. थांबली की मी म्हणते, पुन्ना."

"बरं हाय की."

"आठ दिस झाले, ती थांबतच न्हाई. बराबर म्हणती का कटाळून काहीबी म्हणती, मला काय कळावं?"

"म्हणून हिंगोलीला निघाली?"

"व्हय. तिथल्या मास्तरापुढं उभी करते. चुकलं असंल तर माझंच चुकलं, असं सांगते."

तेवढ्यात मोटार आली.

"बना, ऊठ."

पोरीनं डोळे न उघडताच सुरू केलं, "ए, बी, सी, डी..."

"राहू दे माय. आता म्हणू नगंस."